खिशात मावणारं पिस्तूल निवडताना

अमेरिकेतल्या कुठल्याही बंदुकांच्या दुकानात तीनशे ग्रॅमचं पिस्तूल हातात घेतलं की वाटतं, हेच घ्यावं. हलकं, चपटं, खिशात टाकलं तर कुणाला कळणारही नाही. विक्रेतेही नवख्या माणसाला, विशेषतः बाईला, बहुतेकदा हेच पुढे करतात. पण पिस्तूल जितकं लहान, तितकं ते चालवायला अवघड. लहान पिस्तूल हे सरावलेल्या हाताचं हत्यार आहे. शिकायची सुरुवात त्यावर करू नये. म्हणून निवडीचा आमचा नियम उलट्या बाजूने सुरू होतो: तुमच्या रोजच्या कपड्यांत खरोखर लपेल असं सगळ्यात मोठं पिस्तूल शोधा, आणि त्याहून लहान फक्त नाइलाज असेल तरच घ्या.

आधी कायदा

अमेरिकेतल्या मराठी माणसांपैकी बरेच जण एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर असतात. हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा आहेत, आणि अशा व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकारी परवाना असणं यासारखे थोडे अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांवर विसंबू नका. इथे ‘जवळ बाळगणं’ याचा अर्थ फार व्यापक आहे. मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल हातात घेतलं तरी तो ताबाच. इथे चूक झाली तर फौजदारी गुन्हा आणि व्हिसा दोन्ही अंगाशी येतात. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही आडकाठी नाही. त्यांनी दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा असतो आणि त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते.

लपवून बाळगण्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात निकाल दिल्यावर न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांनाही ‘खास कारण दाखवा’ ही अट सोडावी लागली, पण परवाना, प्रशिक्षण आणि बंदी असलेल्या जागांची लांबलचक यादी कायम आहे. टेक्सास, फ्लोरिडा यांसारख्या बऱ्याच राज्यांत परवान्याविना बाळगता येतं. तरीही परवाना काढावा, कारण शेजारच्या राज्यात शिरताना तोच कामी येतो, आणि शाळेच्या आसपासच्या फेडरल बंदीतून सूट मिळते तीही परवाना देणाऱ्या राज्यात परवानाधारकालाच. एका राज्याचा परवाना दुसरं राज्य मानेलच असं मात्र नाही.

निवडीवर थेट परिणाम करणाऱ्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, दहापेक्षा जास्त गोळ्या चालत नाहीत. न्यू जर्सीत पोकळ टोकाची, म्हणजे हॉलो पॉइंट, काडतुसं घराबाहेर बाळगण्यावर कडक बंधनं आहेत. शिवाय कॅलिफोर्नियात राज्याच्या मंजूर यादीत असलेली मॉडेलंच दुकानातून नवी मिळतात, त्यामुळे खाली दिलेली सगळी तिथे मिळतील असं समजू नका.

लहानपणाची किंमत

सगळ्यात आधी धक्का. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या पिस्तुलातून झाडलं की धक्क्याची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. त्यात मूठ आखूड असल्यामुळे करंगळी, कधी अनामिकाही, हवेत राहते, आणि तो सगळा धक्का दोन बोटांवर आणि तळव्याच्या वरच्या कोपऱ्यावर येतो. वीस-पंचवीस गोळ्यांत हात दुखायला लागतो. हात दुखला की माणूस सराव टाळतो. सराव टळला की पिस्तूल नुसतंच खिशात राहतं.

मग नेम. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधलं, अंतर खिशातल्या पिस्तुलात साधारण १० सेंटिमीटर असतं, मोठ्या पिस्तुलात १६-१७. दहा सेंटिमीटरवर पुढची साइट एक मिलिमीटर सरकली, तर सात मीटरवर गोळी सात सेंटिमीटर बाजूला पडते. सतरावर तीच चूक चार सेंटिमीटरची. जुन्या लहान पिस्तुलांवर तर साइट म्हणजे स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) कोरलेला एक उंचवटा एवढंच. असं मॉडेल वापरलेलं आणि स्वस्तात मिळत असलं तरी नवख्याने घेऊ नये.

तिसरी गोष्ट चाप. लहान रिव्हॉल्वरचा डबल-अॅक्शन चाप (जो ओढला की घोडा मागे जाऊन सुटतो) ओढायला साधारण पाच किलोचा जोर लागतो, आणि रिव्हॉल्वरचं वजन असतं चारशे ग्रॅम. स्वतःच्या वजनाच्या बारापट जोराने ओढलं जाणारं हत्यार हलणारच. रिकाम्या रिव्हॉल्वरवर चाप ओढून पाहताना पुढची साइट किती डगमगते ते दुकानातच बघा, अर्थात विक्रेत्याची परवानगी घेऊन. विकत घ्यायचं की नाही याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

आणि नळी. पावणेतीन इंचांच्या नळीत गोळीला पुरेसा वेग मिळत नाही. काडतुसांच्या डब्यावर छापलेला वेग बहुतेकदा त्याहून लांब नळीवर मोजलेला असतो.

खिसा मोजा, मग दुकानात जा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग दोन महिन्यांत दुसरं पिस्तूल घेतात. जाड पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापा: १३ बाय ९ सेंटिमीटर (रुगर एलसीपीच्या मापाचा), १३ बाय १०.५ (एलसीपी मॅक्स) आणि १५ बाय ११ (सिग पी३६५). दोन-तीन थर चिकटवून जाडी दोन ते अडीच सेंटिमीटर करा. रिव्हॉल्वरचा विचार असेल तर मधोमध सव्वातीन सेंटिमीटर जाडीचा फुगवटा द्या, कारण सिलिंडर तेवढा असतो. आता हे तुकडे आठवडाभर आपापल्या कपड्यांत घालून हिंडा. गाडीत बसा, बुटाची नाडी बांधा, वरच्या फळीवरचा डबा काढा. पुठ्ठा तोंडाशी अडकतो का, बसल्यावर बाहेर सरकतो का, कापडावर आकार उमटतो का, ते बघा. खिशाच्या तोंडातून पुठ्ठा आणि त्याला धरलेली मूठ एकदम बाहेर आली पाहिजे. पुठ्ठा बाहेर येतो पण मूठ अडकते, असं फार वेळा होतं. बायकांच्या बऱ्याच पँटच्या खिशांत सगळ्यात लहान तुकडाही मावत नाही. तिथे कमरेच्या आतल्या बाजूचं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) किंवा बेलीबँड (पोटाला बांधायचा पट्टा) यांचा विचार करावा लागतो, आणि तो करायचाच असेल तर मग पी३६५ एवढं पिस्तूलही सहज लपतं.

पर्समध्ये पिस्तूल ठेवू नका. यावर आमचं मत ठाम आहे. पर्स खाली ठेवली जाते, खुर्चीला अडकवली जाते, हिसकावली जाते. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधल्या पिस्तुलाचा चाप ओढला आणि त्यात ती आई जागीच गेली. ते पिस्तूल खास त्याच कामासाठी बनवलेल्या पर्सच्या चेन लावलेल्या कप्प्यात होतं.

कुठलं काडतूस

.३८० एसीपी हा आज खिशातल्या पिस्तुलाचा मुख्य बोअर. तीनशे ग्रॅमच्या पिस्तुलातून तो सोसवतो, पण आखूड नळीमुळे त्याच्या हॉलो पॉइंट गोळ्यांचं एक दुखणं आहे: गोळी फुलली तर खोल जात नाही, आणि कापडाने टोक बुजलं तर फुलतच नाही. एफबीआयच्या चाचणीत मांसाच्या जागी वापरलेल्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच शिरकाव अपेक्षित असतो. म्हणून कित्येक जाणकार .३८० मध्ये चपट्या टोकाची अखंड गोळी वापरतात. तिचा शिरकाव जास्त असतो, म्हणून लक्ष्यामागे काय आहे याचं भान दुप्पट ठेवावं लागतं.

.३२ एसीपीचा धक्का .३८० पेक्षा बराच कमी. केल-टेक पी-३२ रिकामं असताना १९० ग्रॅमच्या आत आहे आणि तरीही हातात उसळत नाही. पण या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन काढल्याशिवाय सुटत नाहीत. हॉलो पॉइंट काडतूस लांबीला कमी असतं, त्यामुळे त्याला मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकायला जागा मिळते आणि हा अडथळा वाढतो. .३२ मध्ये अखंड गोळीच भरा.

.२२ एलआर स्वस्त, जवळपास बिनधक्क्याचं, आणि दुखऱ्या सांध्यांना झेपणारं. त्याचा दोष दारूत नाही, बनावटीत आहे. पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत फिरवून भरलेला असतो. कडेत एखादी जागा मोकळी राहिली आणि पिन तिथेच आपटली तर गोळी सुटत नाही. .२२ घ्यायचंच असेल तर पुन्हा चाप ओढता येणारं घ्या, म्हणजे डबल-अॅक्शन रिव्हॉल्वर किंवा बेरेटा २१ए बॉबकॅटसारखं.

नऊ मिलिमीटर हा या सगळ्यांत सरस, पण पाचशे ग्रॅमच्या खाली तो नवख्या हाताला नकोसा होतो. आणि चारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्वरमध्ये .३५७ मॅग्नम हे जोरदार काडतूस भरू नका. डोळे दिपवणारा जाळ, तळहाताला झिणझिण्या आणि दुसरी गोळी कुठे गेली याचा पत्ता नाही.

मॉडेलं, नावानिशी

रुगर एलसीपी मॅक्स (२०२१) आणि स्मिथ अँड वेसन बॉडीगार्ड २.० (२०२४): दोन्ही .३८०, दोन्हींत मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, दोन्ही तीनशे ग्रॅमच्या आसपास. २००८ च्या मूळ एलसीपीत सहाच गोळ्या आणि नावापुरती साइट होती. त्या मानाने ही दोन खूप पुढे आली आहेत. बॉडीगार्डचा चाप जास्त हलका आणि छोटा आहे, म्हणून त्यावर नेम सोपा जातो, आणि म्हणूनच ते खिशात ठेवायचं तर होल्स्टर जास्त कडक हवं. अंगठ्याच्या सेफ्टीसह आणि सेफ्टीविना असं दोन्ही प्रकारे ते मिळतं. खिशासाठी सेफ्टीचं घ्या, पण मग बाहेर काढताना ती खाली दाबायची सवय हाडात मुरली पाहिजे.

वापरलेलं पहिल्या पिढीचं एलसीपी मिळत असेल तर अनुक्रमांक बघा. खाली पडून गोळी सुटू शकते म्हणून रुगरने २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ३७० ने सुरू होणारी पिस्तुलं परत मागवली होती. दुरुस्ती झाली आहे याची खात्री कंपनीकडून करून घ्या.

ग्लॉक ४२ (.३८०, सहा गोळ्या, रिकामं ३९० ग्रॅमच्या जवळपास) खिशाला जरा मोठं, पण .३८० मध्ये इतकं मऊ चालणारं दुसरं क्वचित. ज्यांना रेंजवर शंभर गोळ्या झाडूनही हात शाबूत हवा, त्यांनी गोळ्यांची संख्या विसरून हे बघावं.

सिग पी३६५ (२०१८): नऊ मिलिमीटर, दहा गोळ्या, पाचशे ग्रॅम. खिशाच्या मापाच्या मॅगझिनमध्ये तोवर सहा-सात गोळ्या मावत. पी३६५ ने ओळी दीडपट रचून दहा बसवल्या आणि बाकीच्या कंपन्यांना तीच वाट धरावी लागली. पुठ्ठ्याच्या परीक्षेत मोठा तुकडा पास झाला तर आणखी शोधाशोध करू नका.

रिव्हॉल्वरमध्ये स्मिथ अँड वेसन ६४२ आणि रुगर एलसीआर: .३८ स्पेशल, पाच गोळ्या, चारशे ग्रॅमच्या आसपास. घोडा (काडतुसावर आघात करणारा भाग) आत झाकलेला, त्यामुळे कापडात अडकत नाही. कोटाच्या खिशात हात घालून मूठ आधीच पकडून ठेवता येते, ही यांची खरी ताकद. सरावाला आणि बाळगायलाही १४८ ग्रेनचं वॉडकटर चांगलं: धक्का कमी, शिरकाव पुरेसा. फक्त त्याचं तोंड सपाट असल्याने घाईत भरताना ते भोकाच्या कडेला अडतं. पाचांऐवजी सहा गोळ्या आणि आणखी सौम्य धक्का हवा असेल तर स्मिथ अँड वेसनचं २०२४ चं ४३२ अल्टिमेट कॅरी बघा. ते .३२ एच अँड आर मॅग्नममध्ये आहे. काडतुसं मात्र प्रत्येक दुकानात मिळत नाहीत.

नॉर्थ अमेरिकन आर्म्सचं मुठीत झाकलं जाणारं .२२ रिव्हॉल्वर देखणं आहे, पण दर गोळीला घोडा अंगठ्याने ओढावा लागतो आणि घामट हातातून तो निसटतो. दोन नळ्यांचे डेरिंजर तर घेऊच नयेत. जस्ताच्या मिश्रधातूची जुनी .२५ ची स्वस्त पिस्तुलंही नकोत: चीर जाते, आणि आपटलं तर गोळी सुटण्याचा धोका असतो.

हातात धरून तपासणी

दुकानात पिस्तूल रिकामं आहे हे विक्रेत्याने दाखवलं तरी स्वतः पुन्हा बघा: मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) करंगळीचं टोक घालून. मग स्लाइड पाच वेळा ओढा. बोटांच्या चिमटीने ओढू नका. तळवा स्लाइडवर आडवा ठेवून घट्ट धरा आणि ज्या हातात मूठ आहे तो हात पुढे ढकला. आखूड नळीमुळे दुसरा हात नकळत नळीच्या तोंडासमोर येतो, तिकडे लक्ष असू द्या. पाचव्या वेळेला जीव मेटाकुटीला आला तर ते पिस्तूल तुमचं नव्हे. छोट्या पिस्तुलांच्या स्प्रिंगा मोठ्यांपेक्षा कडक असतात, कारण स्लाइड हलकी असते आणि तिला थोड्याच अंतरात थांबवायचं असतं. ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी रिव्हॉल्वर किंवा नळी वर उचलून थेट चेंबरमध्ये काडतूस घालता येणारं बॉबकॅट. .३८० मध्ये नुसत्या स्लाइडच्या जोरावर चालणारी, वॉल्थर पीपीकेच्या जातीची जुनी पिस्तुलं वजनाने जड असूनही हाताला टणक लागतात. झाडताना नळी स्लाइडमध्ये कुलूपबंद होणारं लहान पिस्तूल त्याहून मऊ चालतं.

मुठीत धरल्यावर तर्जनीचं पहिलं पेर चापावर नीट बसतं का? मोठ्या हाताचं बोट इतकं आत जातं की चाप तिरका ओढला जातो आणि गोळ्या बाजूला जातात. करंगळीला आधार देणारं लांब तळाचं मॅगझिन लावून बघा. सेंटिमीटरभर उंची वाढते, पण ताबा पुष्कळ सुधारतो.

होल्स्टर नसेल तर पिस्तूल नको

उघडं पिस्तूल खिशात टाकणं हा सगळ्यात मोठा धोका. चाप पूर्ण झाकणारं, काढताना खिशातच राहणारं आणि पिस्तुलाचा आकार मोडणारं होल्स्टर हवं. पृष्ठभाग खरबरीत असावा किंवा खिशाला अडकणारा आकडा असावा. त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही नको: किल्ली नको, सुटे पैसे नकोत, रुमाल नको. पिस्तूल परत ठेवताना आधी होल्स्टर खिशातून बाहेर काढा, त्यात पिस्तूल घाला, आणि मग दोन्ही मिळून खिशात. होल्स्टर खिशात असताना आंधळेपणाने पिस्तूल आत खुपसण्यात मांडीला गोळी लागते.

रेंजवरचा निकाल

आधी भाड्याचं घेऊन पन्नास गोळ्या झाडा. सात यार्डांवर पाच सेकंदांत पाच गोळ्या २० सेंटिमीटरच्या वर्तुळात बसायला हव्यात. मोठ्या पिस्तुलावर जमतं आणि यावर जमत नाही, असं असेल तर एक माप वर जा.

विकत घेतल्यावर दोनशे साध्या गोळ्या आणि त्यानंतर जी बाळगणार त्या जातीच्या पन्नास, एकही अडथळा न येता गेल्या पाहिजेत. अडथळा आला तर कारण शोधा. रिकामी पुंगळी स्लाइडमधून बाहेर पडायच्या दारात उभी अडकली तर बहुधा मनगट सैल आहे: चौकट हातासकट मागे आली, तर स्लाइडला पूर्ण मागे जायला जोर उरत नाही. मूठ आवळून पुन्हा बघा. नवं काडतूस चेंबरच्या तोंडाशी नाक खुपसून थांबलं तर मॅगझिन बदलून पाहा, आणि त्याच मॅगझिनला पुन्हा होत असेल तर ते बाजूला काढा. हलक्या रिव्हॉल्वरमध्ये वेगळीच तपासणी लागते: चार गोळ्या झाडा, पाचवं काडतूस काढून कॅलिपरने मोजा. धक्क्याने शिसं पुंगळीतून पुढे सरकलं असेल तर ते सिलिंडर अडवू शकतं. ती जात बदला. रिव्हॉल्वर धरताना आधाराच्या हाताचा अंगठा सिलिंडरच्या पुढच्या फटीजवळ नको, तिथून गरम वायू सुटतो आणि कातडी फाटते.

सराव घरी करायचा तर काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात, आणि पिस्तुलात स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं नकली काडतूस. रिमफायर, म्हणजे .२२ सारखं कडेत मसाला असलेल्या काडतुसाचं, पिस्तूल रिकामं झाडायचं की नाही ते मॅन्युअलमध्ये बघा.

देखभाल आणि घर

खिशातल्या पिस्तुलात कापडाचा भुगा साचतो, घामाने गंज चढतो. दर दोन आठवड्यांनी उतरवून भुगा ब्रशने काढा, तेल अगदी थेंबभर. स्प्रिंग मॅन्युअलमध्ये दिलेल्या गोळ्यांच्या आकड्याला बदला. लहान पिस्तुलांत तो आकडा मोठ्यांपेक्षा बराच कमी असतो. रोज पिस्तूल रिकामं करून तेच काडतूस परत चेंबरमध्ये भरत राहिलात तर गोळी हळूहळू पुंगळीत आत दबते आणि झाडताना दाब धोक्याच्या वर जातो. काडतुसं आलटून पालटून वापरा. शेजारी नवं काडतूस ठेवून उंची जुळवा, आणि आखूड दिसलं ते टाकून द्या.

अंगावर नसेल तेव्हा पिस्तूल पेटीत, कुलूपबंद. उशीखाली नाही, कपाटाच्या वरच्या फळीवर नाही, गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये नाही. घरात कुणी खचलेलं, निराश असेल तर त्या काळात पिस्तूल घराबाहेर, विश्वासू माणसाकडे किंवा दुकानाच्या तिजोरीत ठेवायची सोय आधीच करा. त्या राज्यात हस्तांतराचा नियम काय आहे तो मात्र विचारून घ्या.

आणि भारतात जायच्या बॅगा भरताना रेंजवर नेलेली बॅग, जॅकेट, पँट यांतलं काहीही घेऊ नका. निदान प्रत्येक कप्पा उलटा करून झाडा. सुटं राहिलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेत दिसलं तर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा दाखल होतो. जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं हे मान्य करून उच्च न्यायालयांनी अशी काही प्रकरणं रद्दही केली आहेत. पण तोवर विमान गेलेलं असतं, आणि तारखांना परत यावं लागतं ते वेगळंच.